फॉरमॅट मारला तरी परत येणारी 'व्हायरस सापडला'ची पाटी

लक्षण असं. कॉम्प्युटर चालू करून पाच-दहा मिनिटं झाली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या जरा वर, एक चौकट सरकत येते. लाल ढाल, मोठं उद्गारचिन्ह, आणि 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले, लगेच साफ करा' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. सोबत 'टिंग'. फुलीवर क्लिक केलं तर दोन मिनिटांनी दुसरी येते. अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन मारला तर काही म्हणजे काही सापडत नाही. कोणीतरी येऊन 'काढून' देतं, पंधरा दिवस बरे जातात, आणि एका संध्याकाळी फोन येतो, "अगं, ते परत आलंय."

मला हा फोन आमच्या खालच्या मजल्यावरच्या अप्पांकडून वर्षभरात पुन्हा पुन्हा आला. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये काम करते, त्यामुळे इमारतीतला प्रत्येक बिघडलेला प्रिंटर आणि विसरलेला पासवर्ड माझ्याकडे येतो. त्याची सवय आहे. पण एकच दुखणं सारखं परत येतं तेव्हा चुकतंय ते दुरुस्त करणाऱ्याचंच, हे मान्य करायला मला चौथी खेप उजाडावी लागली. म्हणून हे सगळं जरा सविस्तर.

आधी चौकट नीट वाचा

ती लाल ढाल सोडून द्या. ते चित्र आहे, कोणीही लावू शकतं. बघायची ती खालची किंवा वरची बारीक, राखाडी अक्षरं. तिथे ब्राउझरचं नाव असतं, म्हणजे क्रोम, एज किंवा फायरफॉक्स, आणि त्याच्या शेजारी एखाद्या वेबसाइटचं नाव. बहुतेक वेळा ते नाव उच्चारताही येत नाही, नुसती अक्षरांची खिचडी. हे दिसलं की निदान झालं: संदेश विंडोजने पाठवलेला नाही, एका वेबसाइटने ब्राउझरच्या हातून पाठवलाय. विंडोजच्या स्वतःच्या संरक्षणाने खरोखर काही पकडलं असेल तर त्या जागी 'विंडोज सिक्युरिटी' असं लिहिलेलं असतं.

अप्पांच्या चौकटीवर मी पहिल्यांदा भिंग धरल्यासारखी वाकून बघितलं तेव्हा तिथे लिहिलं होतं 'गूगल क्रोम' आणि पुढे पंधरा-सोळा अक्षरांचं काहीतरी. अप्पा म्हणाले, "हे कधी दिसलंच नाही." दिसणार कसं? मुख्य मजकूर ठळक, आणि खरी ओळख मुंगीएवढ्या अक्षरात, फिकट रंगात.

अँटिव्हायरसला का सापडत नाही

क्रोमने 2015 साली, आवृत्ती 42 पासून, वेबसाइट्सना अशी सोय दिली की साइट उघडी नसतानाही त्या वाचकाला संदेश, म्हणजे 'नोटिफिकेशन', पाठवू शकतील. बातम्यांच्या साइट्सनी ती लगेच उचलली, मेल आणि चॅटला तिचा खरा उपयोगही आहे. अट एकच: वाचकाने एकदा 'अलाउ' दाबलेलं असलं पाहिजे.

म्हणजे हा रतीब आहे. दुधाचा रतीब आपणच लावायचा आणि मग रोज पहाटे दाराशी पिशवी का येते म्हणून कुलूप बदलायचं, तशातला प्रकार. कुलूप कितीही भारी असो, पिशवी येणारच, कारण दूधवाला चोर नाही, त्याला आपणच सांगितलंय. अँटिव्हायरस डिस्कवर खराब फाइल शोधतो. इथे फाइल नाहीच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक ओळ आहे, 'या साइटला परवानगी', आणि ती ओळ वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने घातलीय. स्कॅनर तिला हात लावत नाही.

ब्राउझरची खिडकी बंद असतानाही चौकटी येतात, त्यामुळे लोकांची खात्री पटते की विषाणू पार आत शिरलाय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' या भागात एक बटण असतं, क्रोम बंद केल्यावरही मागे काम चालू ठेवायचं की नाही याचं. ते चालू असेल तर खिडकी मिटली तरी क्रोम पडद्यामागे जागा असतो आणि रतीब घेत राहतो.

रतीब बंद करणं

क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा, मग 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. खाली दोन याद्या दिसतील, परवानगी नाकारलेल्या आणि परवानगी दिलेल्या. दुसऱ्या यादीत जे ओळखीचं नाही ते सगळं उडवायचं.

इथे एक खोच आहे, आणि माझी पहिली खेप तिथेच वाया गेली. नावाशेजारच्या तीन टिंबांत 'रिमूव्ह' आणि 'ब्लॉक' असे वेगवेगळे पर्याय आहेत. 'रिमूव्ह' म्हणजे ओळख पुसली, पुढच्या भेटीत ती साइट पुन्हा परवानगी मागू शकते. 'ब्लॉक' म्हणजे दार बंद, पुन्हा विचारायचंच नाही. मी भराभर सगळी 'रिमूव्ह' केली होती आणि चहा पिऊन घरी आले होते.

खरं तर एकेक साइट ब्लॉक करणंही अपुरंच. या धंद्यातली माणसं दर काही दिवसांनी नवं नाव घेतात, आज ब्लॉक केलेली साइट उद्या दुसऱ्या वेषात दारात. म्हणून त्याच पानावर वर असलेला 'साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका' या अर्थाचा पर्याय निवडा. मग कोणतीच साइट विचारणार नाही. अप्पांच्या वयाच्या माणसाला कोणत्या वेबसाइटचा संदेश कोपऱ्यात हवा असतो? मी आजवर तरी एकही बघितली नाही. फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त खाली 'परमिशन्स' आहे, त्यातल्या 'नोटिफिकेशन्स'समोरचं 'सेटिंग्ज' उघडलं की नव्या विनंत्या अडवण्याची एक चौकोनी खूण मिळते. एजमध्ये मेन्यूची मांडणी सारखी बदलते, त्यामुळे मार्ग पाठ करत बसू नका. सेटिंग्ज उघडून तिथल्या शोधपट्टीत 'नोटिफिकेशन्स' टाइप करा.

काही जण विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन क्रोमची सगळी नोटिफिकेशन्स बंद करतात. चौकट दिसेनाशी होते, गिऱ्हाईक खूश. परवानगी मात्र आत तशीच पडून राहते.

प्रोफाइलची गंमत

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले होते. सगळं ब्लॉक केलं, वरचं बटणही बंद केलं. तरी चार दिवसांनी चौकट हजर. कारण अप्पांच्या क्रोममध्ये दोन प्रोफाइल होती, एक त्यांचं, एक नातीचं. दिवाळीच्या सुट्टीत ती आली होती तेव्हा तिने स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं होतं, आणि नंतर अप्पा जे समोर येईल त्या गोलावर क्लिक करून आत जात होते. परवानग्यांची यादी प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असते. मी नातीची साफ केली होती, अप्पांची भरलेलीच.

तेव्हा घरच्या कॉम्प्युटरवर बसलात की आधी मोजा: ब्राउझर किती, आणि प्रत्येकात प्रोफाइल किती. 'आम्ही फक्त क्रोम वापरतो' म्हणणाऱ्या घरातही एज असतोच, कारण विंडोजच्या खालच्या पट्टीत काही शोधलं की ते एजमध्ये उघडतं. अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्येही हीच यादी वेगळी असते. काकूंच्या फोनवर 'बॅटरी खराब झालीय' म्हणून जे येत होतं ते याच जातीचं निघालं.

तिसरी खेप: फॉरमॅट

तिसऱ्या वेळी मी गावाला होते. अप्पांनी सीपीयू उचलून बाजारातल्या एका दुकानात नेला. दुकानदाराने फॉरमॅट मारला, पैसे घेतले, आणि विंडोज टाकून दिलं. ती विंडोज कशी होती त्यावर पुढे येते. अप्पांनी घरी येऊन गूगल खात्याने लॉगिन केलं, पासवर्ड, बुकमार्क सगळं जसंच्या तसं परत आलं, अप्पा समाधानी. नवव्या दिवशी चौकट.

कोऱ्या डिस्कवर हे परत आलं कसं, हा प्रश्न मला खरंच पडला. त्याचं उत्तर कॉम्प्युटरमध्ये नव्हतं, अप्पांच्या डायरीत होतं.

अप्पा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस. निवृत्तीनंतरही ते बँकेच्या फुकट मिळालेल्या डायरीत सगळं टिपून ठेवतात: पाणी किती वाजता आलं, गॅस कधी बदलला, आणि गेलं वर्षभर, 'कॉम्प्युटर पाटी'. 9.10, 9.14, 9.31. चौथ्या खेपेला मी चौकटीकडे न बघता डायरी मागितली आणि मागे मागे गेले. प्रत्येक वेळी 'पाटी सुरू' या नोंदीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी एक नोंद होती: 'सातबारा काढला.'

निफाडकडे अप्पांची थोडी जमीन आहे, भावांत वाटणीचं चाललंय, त्यामुळे दर काही दिवसांनी उताऱ्यावर काय चढलं ते बघणं हा त्यांचा नेम. मी म्हटलं, "अप्पा, कसा काढता ते माझ्यासमोर करून दाखवा." मी खुर्ची मागे घेतली आणि माउसला हात लावला नाही. वर्षभरात पहिल्यांदाच.

अप्पांनी बुकमार्कच्या पट्टीतलं 'सातबारा' दाबलं. उघडलं ते सरकारी पान नव्हतंच. सातबारा कसा काढावा याची माहिती देणारी कोणाची तरी साइट, मराठीत, बरी लिहिलेली, आणि अंगभर जाहिराती. मधोमध हिरवं, टपोरं 'डाउनलोड' बटण. ती जाहिरात होती. अप्पांनी सरळ ते दाबलं. नवीन टॅब उघडली, पांढरं पान, एका यंत्रमानवाचं चित्र, आणि इंग्रजीत: तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाउ' दाबा. वर डाव्या कोपऱ्यात ब्राउझरचा खरा प्रश्न, ही साइट नोटिफिकेशन पाठवू इच्छिते, ब्लॉक की अलाउ.

अप्पांनी शांतपणे 'अलाउ' दाबलं आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर केलं ना अशा नजरेने.

ते मला बरोबरच वाटलं, खरं सांगायचं तर. सरकारच्या खऱ्या महाभूलेखवरही जिल्हा, तालुका, गाव निवडून, गट नंबर आणि मोबाइल नंबर टाकला की वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहावी लागतात. ते केलं नाही तर उतारा दिसत नाही. तिकीट काढताना तेच, बँकेत तेच. 'मी माणूस आहे' हे यंत्राला सिद्ध करून दाखवायची सवय आपणच लोकांना लावलीय आणि मग कोणी एकाने खोटी परीक्षा मांडली की म्हणतो, एवढं कसं कळत नाही!

आणि तो बुकमार्क? तो जपून ठेवायला मीच शिकवलं होतं. आदल्या वर्षी मी अप्पांना दाखवलं होतं की उपयोगाचं पान सापडलं की ॲड्रेस बारमधल्या चांदणीवर क्लिक करायचं. त्यांनी केलं. चांदणी गूगल खात्यात साठली आणि फॉरमॅटनंतर इमानदारीत परत आली. परवानग्या पुसल्या जात होत्या, रस्ता शिल्लक राहत होता.

तो बुकमार्क काढला. त्या जागी खरा पत्ता टाकला: भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. तिथे बिनसहीचा सातबारा फुकट दिसतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर डिजिटल सातबाराच्या सरकारी पानावर 15 रुपये लागतात. पत्ता ओळखायची रीत अप्पांना अशी सांगितली: मधलं काही वाचू नका, शेवट बघा. गाडीच्या पाटीवर आपण शेवटचा थांबा बघतो तसं. शेवटी 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असेल तर सरकारी. 'गव्ह' हा शब्द मध्येच कुठेतरी घुसडलेला आणि शेवट 'डॉट कॉम' असेल तर ती गाडी आपली नाही. हे त्यांना एका फटक्यात कळलं. वर्षभर मी 'अप्पा, काहीही क्लिक करू नका' एवढंच सांगत होते, ज्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण क्लिक न करता कॉम्प्युटर वापरायचा कसा हे कोणी सांगितलेलं नाही.

तुमच्याकडे सातबारा नसेल, दुसरं काही असेल. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हुबेहूब दिसणारी पानं, फुकट सिनेमे, मराठी फॉन्ट, पीडीएफचं वर्ड करून देणाऱ्या साइट्स. चौकट कधी सुरू झाली याची तारीख आणि त्या दिवशी काय शोधत होता, एवढं विचारा. डायरी नसेल तर ब्राउझरची हिस्टरी आहेच.

जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकलं तर हिरवं बटणच दिसत नाही. 'यूब्लॉक ओरिजिन' फायरफॉक्सवर पूर्ण चालतं. क्रोमने नियम बदलल्यापासून तिथे त्याची 'लाइट' आवृत्ती वापरावी लागते. ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर मी हल्ली सगळ्यात आधी हेच टाकते.

पाचवी खेप, जी मला कळवलीच नाही

ही कोपऱ्यातली चौकट नव्हती. एका चुकीच्या क्लिकनंतर पडदाभर निळं-लाल पान, भोंगा, 'कॉम्प्युटर बंद करू नका', आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाखाली एक फोन नंबर. माउस चालेना. अप्पांनी मला फोन केला नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "सारखं सारखं तुला काय त्रास द्यायचा. आणि तू मागच्या वेळी चिडली होतीस."

चिडले होते. 'अप्पा, किती वेळा सांगायचं' असं म्हणाले होते, नातीसमोर.

तर त्यांनी पडद्यावरच्या नंबरला फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत, अतिशय गोड. एकदाही चिडला नाही. त्याने एनीडेस्क डाउनलोड करायला लावलं आणि त्यावर दिसणारा आकडा वाचून दाखवायला सांगितला. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर ही खोटी सॉफ्टवेअर नाहीत, आमच्या लॅबमध्येही वापरतो. पण तो आकडा सांगून 'ॲक्सेप्ट' दाबलं की आपला माउस त्याच्या हातात जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्ये याच ॲपबद्दल बँकांना सावध केलं होतं. अप्पांच्या पडद्यावर बाण आपोआप फिरू लागला. मग त्याने 'सिक्युरिटी फी'साठी कार्ड मागितलं. अप्पा पाकीट आणायला उठले, तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून आल्या, हलणारा बाण बघितला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. "मला काही कळलं नाही," त्या म्हणाल्या, "पण आपल्या घरातली वस्तू दुसरा हलवतोय हे दिसलं."

तांत्रिक सल्ला म्हणून याहून चांगला मला सुचलेला नाही.

असं पान आलं तर: 'एस्केप' कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा, पडदाभर पसरलेलं पान लहान होतं, मग टॅब बंद करा. नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून 'एंड टास्क'. तेही नको वाटलं तर काकूंचा मार्ग. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर 'मागची पानं परत उघडू का' असं विचारेल, तिथे नाही म्हणायचं, नाहीतर भोंगा परत. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की खोटं, एवढी एकच खूण पुरते.

फोन लागलाच असेल, आणि पलीकडचा आत येऊन गेला असेल, तर आधी इंटरनेट तोडा. एनीडेस्क काढून टाका, 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये तारखेप्रमाणे लावून त्या दिवशी आणखी काय बसलंय ते बघा, आणि सगळे महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, आधी ईमेलचा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत ते गोठवता येतात, त्यामुळे तिथे एक तासही मोठा असतो. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर. लाज वाटून दोन दिवस गप्प बसलेली माणसं मी बघितलीत. त्या दोन दिवसांतच सगळं जातं.

फोनवरची ही माणसं कोण, असं अप्पांनी विचारलं. फार लांबची असतीलच असं नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा अमेरिकन करखात्याच्या नावाने तिकडच्या लोकांना धमकावणारी शेकडो तरुण पोरं तिथे बसलेली सापडली. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयच्या 'ऑपरेशन चक्र-2' मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून अशाच खोट्या तांत्रिक मदतीच्या केंद्रांवर धाडी पडल्या. हे ऐकून अप्पांचा चेहरा जरा सैल झाला. अमेरिकेतले शिकलेले लोकही फसतात म्हटल्यावर माणसाला धीर येतो.

परवानगी नसताना काही येत असेल तर

वरचं सगळं करूनही त्रास चालूच असेल तर दुखणं वेगळं आहे.

ब्राउझर आपोआप उघडून एखादी साइट दाखवत असेल, तेही ठरावीक वेळाने, तर विंडोजचा टास्क शेड्युलर उघडून वेळापत्रकात कोणी स्वतःची गाडी घुसवलीय का बघा. शोधायचं पान बदललं असेल तर एक्स्टेन्शन्स तपासा. खात्यातून तीही प्रत्येक यंत्रावर परत येतात, म्हणून काढताना सगळीकडून काढायची. एखादं एक्स्टेन्शन काढूच देत नसेल आणि क्रोमच्या मेन्यूत तळाशी 'तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली' या अर्थाची ओळ असेल, तर घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली संस्था? काही अँटिव्हायरसही ती ओळ आणतात, पण नसतील तर कोणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, धोरण घातलंय आणि ते जाणत्याकडून काढून घ्यायला हवं.

आता त्या दुकानातल्या विंडोजबद्दल. अप्पांच्या 'विंडोज सिक्युरिटी'त मी 'एक्सक्लूजन्स' ही यादी उघडली, म्हणजे काय काय तपासायचं नाही त्याची यादी. तिथे एकच ओळ होती: अख्खी सी ड्राइव्ह. चोरीची विंडोज चालू करायचं साधन डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, पकडतो, म्हणून त्याला डोळे मिटायला सांगितलेले. पहारेकरी पगारावर, पण पाठ करून उभा. बाहेरून कॉम्प्युटर बांधून किंवा फॉरमॅट मारून आणला असेल तर ही यादी आजच बघा.

आणि एक प्रकार अलीकडचा, सगळ्यात वाईट. त्यात तोच खोटा रोबोचा प्रश्न, पण 'अलाउ'ऐवजी सांगतात: विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. साइटने गुपचूप कॉपी करून ठेवलेला हुकूम आपण स्वतःच्या हाताने चालवतो, आणि साठवलेले पासवर्ड, उघडी असलेली लॉगिन सगळं उचललं जातं. हे केलं असेल तर रतीबबितीब विसरा. इंटरनेट बंद, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदल, सगळ्या ठिकाणाहून 'साइन आउट', आणि मग मात्र खरंच फॉरमॅट. कोणतीही खरी साइट रोबो ओळखायला कीबोर्डवर असली कसरत करायला लावत नाही.

आता काय लावून ठेवलंय

अप्पांसाठी वेगळं 'स्टँडर्ड' खातं केलं. काही इन्स्टॉल करायचं झालं की दुसऱ्या खात्याचा पासवर्ड लागतो, जो काकूंकडे आहे. अप्पांना ते फारसं आवडलेलं नाही. विंडोज अस्सल घेतली, तीही 11, कारण 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सुदैवाने यंत्र तेवढं नवं होतं. आणि डायरीच्या पहिल्या पानावर अप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'बारीक अक्षर वाचणे. शेवटचा थांबा बघणे. नंबर असेल तर खोटे. वर फोन करणे.' 'वर' म्हणजे मी.

गेल्या महिन्यात फोन आला. "अगं, आलंय परत काहीतरी." मी म्हटलं, बारीक अक्षर वाचा. खुर्ची सरकल्याचा आवाज, चष्मा शोधला, मग एकेक अक्षर लावत वाचलं, "विंडोज... अपडेट. रीस्टार्ट मागतंय. वेबसाइटचं नाव दिसत नाही, नंबरही नाही."

"खरं आहे अप्पा. दाबा."

"नक्की?"

"नक्की."

संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा ती सूचना तशीच होती. अप्पांनी ती माझ्यासमोर दाबली आणि डायरीत वेळ लिहिली, 7.42.